अदृश्य ढालीचा अन्वयार्थ

कोणत्याही खेळात चढाईच्या नियमांपेक्षा बचावाच्या नियमांवरून अधिक वाद होतात. चढाई करणाऱ्याची कृती सर्वांना दिसते. बचाव मात्र बहुधा ‘जे घडलेच नाही’ अशा रूपात प्रकट होतो, आणि म्हणून ते का घडले नाही, नेमके कोणत्या क्षणी अडले आणि अडवणाऱ्याला तसे करण्याचा अधिकार होता की नाही, हे शब्दांनीच ठरवावे लागते. पकडापकडीत एखाद्याने ‘टाइमप्लीज’ म्हटले ते हात लागण्याआधी की नंतर, हा प्रश्न सोसायट्यांच्या आवारात संध्याकाळी नव्याने उपस्थित होतो आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने निकाली निघतो. हाच प्रश्न प्रौढांनी, छापील नियमपुस्तक समोर ठेवून आणि जादूच्या संदर्भात विचारला की त्याला जे रूप येते, ते कल्पनारम्य भूमिकाखेळांतील संरक्षक मंत्रांच्या वादांत पाहायला मिळते.

इंग्रजीत ज्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्यांना येथे भूमिकाखेळ म्हटले आहे. या प्रकारातील पहिला प्रकाशित आणि आजही सर्वाधिक परिचित खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. धातूच्या छोट्या सैनिकांनी टेबलावर लढाया खेळण्याच्या जुन्या छंदातून तो निपजला असल्यामुळे संवाद, रहस्य आणि प्रवास यांना त्यात कितीही जागा असली, तरी नियमपुस्तकाचा मोठा भाग आजही लढाईनेच व्यापलेला असतो. खेळणाऱ्यांपैकी प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो, आणि एक जण मात्र कोणतेही एक पात्र न घेता सारे जग, त्यातील शत्रू आणि पंचाचे काम सांभाळतो; त्याला ‘डंजन मास्टर’ किंवा थोडक्यात ‘डीएम’ म्हणतात, मराठीत सूत्रधार म्हणायला हरकत नाही. नवी मुंबईत वाशी, नेरुळ किंवा खारघर येथील एखाद्या सदनिकेत चार-पाच मित्र जेवणाच्या टेबलाभोवती बसले, त्यांच्यापाशी चार पृष्ठांपासून वीस पृष्ठांपर्यंतचे फासे, पेन्सिली आणि नियमांचे एक पुस्तक असले, की खेळाला आणखी काही लागत नाही. पुस्तक इंग्रजीत, बोलणे मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात आणि वाद मात्र शुद्ध तर्कशास्त्रात, अशी या बैठकांची भाषिक रचना असते.

वादाचे मर्म कळण्यासाठी लढाईचे गणित थोडेसे समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक पात्राला ‘आर्मर क्लास’ नावाचा एक आकडा असतो. त्याला कवचांक म्हणता येईल. हल्ला करणारा वीस पृष्ठांचा फासा टाकतो, आलेल्या दानात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवतो, आणि ती बेरीज समोरच्याच्या कवचांकाइतकी किंवा त्याहून अधिक भरली तर घाव लागतो. जुन्या आवृत्त्यांत कवचांक जितका कमी तितके संरक्षण अधिक असा उफराटा हिशेब होता. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने तो सरळ केला. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत अंगावर कवच नसलेल्या माणसाचा कवचांक दहा अधिक त्याची चपळाई असा मोजतात. लोखंडी चिलखत न घालणारा मांत्रिक, म्हणजे मंत्रशक्तीने लढणारे पात्र, अशा वेळी ‘मेज आर्मर’ हा मंत्र सकाळीच आपल्यावर घालून ठेवतो, आणि पुढचे आठ तास त्याचा कवचांक तेरा अधिक चपळाई इतका राहतो. या मंत्राविषयी फारसे वाद होत नाहीत, कारण तो आधी घातलेला असतो, सर्वांना ठाऊक असतो आणि लढाईच्या प्रत्यक्ष क्षणी त्याला काही करावे लागत नाही.

‘शील्ड’, म्हणजे ढाल, या मंत्राची गोष्ट वेगळी आहे. पाचव्या आवृत्तीतील हा पहिल्या पातळीचा मंत्र मांत्रिक स्वतःच्या पाळीत उच्चारत नाही. त्याच्यावर घाव लागला की त्या घावाला प्रतिसाद म्हणून तो उच्चारतो, आणि नियमपुस्तकाच्या भाषेत अशा प्रतिसादाला ‘रिॲक्शन’ म्हणतात, जी एका फेरीत एकदाच करता येते. मंत्र उच्चारताच एक अदृश्य पडदा उभा राहतो, मांत्रिकाचा कवचांक त्याची पुढची पाळी सुरू होईपर्यंत पाचने वाढतो, आणि ही वाढ ज्या घावामुळे मंत्र उच्चारला त्या घावालाही लागू होते. म्हणजे घाव लागलेला आहे, आणि तरीही तो लागलेला नाही असे ठरू शकते. समजा, मांत्रिकाचा कवचांक पंधरा आहे आणि समोरच्या राक्षसाच्या फाशाची व कौशल्याची बेरीज सोळा झाली. मांत्रिकाने ढाल उभारली, कवचांक वीस झाला, आणि लागलेला घाव हुकला. बेरीज एकवीस झाली असती तर ढाल उभारूनही घाव लागलाच असता. फाशावर थेट वीस आले तर तो घाव कवचांक कितीही असला तरी लागतोच असा स्वतंत्र नियम आहे, तेव्हा त्या प्रसंगी निदान आलेल्या घावापुरती ढाल निष्फळ ठरते.

क्रिकेटच्या नियमांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटू नये. पंचाने बाद दिल्यानंतर फलंदाजाला काही सेकंदांत तिसऱ्या पंचाकडे दाद मागता येते, अशा दादी डावाला ठरावीकच असतात, आणि दाद मागताना चेंडू यष्टीवर जात होता की नाही हे फलंदाजाला खात्रीने ठाऊक नसते. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तो अंतिम सामना पाहिलेल्या कोणालाही त्या काही सेकंदांचे वजन सांगण्याची गरज नाही. ‘शील्ड’ ही अशीच दाद आहे. फरक इतकाच की क्रिकेटमध्ये दाद यशस्वी ठरली तर ती परत मिळते, आणि येथे मंत्राचा खर्च यश येवो वा न येवो, झालेलाच असतो. हा खर्च ‘स्पेल स्लॉट’च्या चलनात मोजला जातो; स्लॉट म्हणजे मंत्रशक्तीचे दिवसभरासाठी मिळालेले ठरावीक वाटे, आणि पहिल्या पातळीच्या नवख्या मांत्रिकाजवळ ते दोनच असतात.

आता टेबलावर नेहमी उपस्थित होणारा प्रश्न असा की सूत्रधाराने हल्ल्याची बेरीज उघड सांगावी की केवळ ‘लागला’ एवढेच म्हणावे. नियमपुस्तक घाव लागल्याचे कळणे आवश्यक मानते, परंतु आकडा सांगण्याचे बंधन घालत नाही. वरवर हा सूत्रधाराच्या शैलीचा प्रश्न दिसतो. प्रत्यक्षात तो मंत्राची किंमतच बदलून टाकतो. वर घेतलेल्या उदाहरणात राक्षसाचे कौशल्य पाच आणि मांत्रिकाचा कवचांक पंधरा धरला, तर फाशावर दहा ते वीस यांपैकी कोणतेही दान आले की घाव लागतो, म्हणजे घाव देणारी दाने अकरा. त्यांपैकी दहा ते चौदा ही पाच दाने ढालीने अडतात आणि उरलेली सहा अडत नाहीत. आकडा उघड असेल तर मांत्रिक त्या पाचांपुरतीच ढाल उभारील आणि त्याचा प्रत्येक स्लॉट सार्थकी लागेल. आकडा झाकलेला असेल तर अकरातून सहा वेळा तो एक वाटा गमावूनही घाव खाईल, आणि उरलेल्या फेरीत आणखी कोणी हल्ला केला तरच त्या ढालीचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल. एकच मंत्र, एकच वाक्य. पण एका टेबलावर तो विमा असतो आणि दुसऱ्या टेबलावर जुगार.

या मंत्राचा इतिहास पाहिला म्हणजे हा प्रश्न आजच का उद्भवला हे उमगते. १९७८ सालच्या नियमपुस्तकातील ‘शील्ड’ आधीच उभारावी लागे, ती केवळ समोरून रक्षण करी, आणि हाताने फेकलेली शस्त्रे, धनुष्याचे बाण व इतर हल्ले यांच्यासाठी तिचे निरनिराळे आकडे होते. अशा ढालीची किंमत युद्धापूर्वी मोजलेली असे, आणि ती केव्हा उभारली याविषयी शंका नसे; वाद झालाच तर शत्रू समोर होता की बाजूला, यावर होई. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत हा मंत्र घाव लागल्यानंतर मध्येच उच्चारण्याचा झाला आणि पाचवीने तीच पद्धत चालू ठेवली. रक्षणाची किंमत मोजण्याचा क्षण अशा रीतीने घावाच्या आधीपासून घावाच्या नंतरपर्यंत सरकला, आणि अर्थ लावण्याचा सारा भार त्या दोन क्षणांमधल्या चिंचोळ्या जागेवर येऊन पडला. संरक्षक मंत्राचा नियम लावताना त्या संरक्षणाची किंमत कोण मोजतो आणि केव्हा मोजतो हे आधी पाहावे, शब्दांची ओढाताण नंतर करावी, असे जे या लेखाचे प्रतिपादन आहे त्याचा आधार हाच आहे.

शब्दांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राकरिता मराठी वाचकाला परदेशी जाण्याचे कारण नाही. जैमिनीची सूत्रे आणि त्यांवरील शबरस्वामींचे भाष्य यांतून उभे राहिलेले पूर्वमीमांसा हे दर्शन मुळात यज्ञविधीच्या वाक्यांचा अर्थ निश्चित करण्यासाठी रचले गेले. पुढे धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी त्याचेच न्याय वारसा आणि दत्तक यांसारख्या व्यवहारांना लावले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या पाच खंडांच्या ग्रंथात, जो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केला, या न्यायांची सविस्तर चर्चा केली आहे. यज्ञाची वाक्ये आणि भूमिकाखेळाची वाक्ये यांत एक साम्य आहे, आणि ते थट्टेचे नाही: दोन्हीकडे वाक्याचा कर्ता प्रश्न विचारण्यासाठी समोर नसतो, दोन्हीकडे क्रम चुकला तर फळ बदलते, आणि दोन्हीकडे वाक्यांतील काही भाग आज्ञा असतो तर काही भाग केवळ वर्णन.

आज्ञेला मीमांसक विधी म्हणतात आणि स्तुतिपर वर्णनाला अर्थवाद. वायू ही अत्यंत वेगवान देवता आहे असे सांगणारे वाक्य वायूविषयी माहिती देण्यासाठी नसून वायूला उद्देशून सांगितलेल्या यागाकडे माणसाला प्रवृत्त करण्यासाठी आहे, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. ‘शील्ड’ मंत्रातील अदृश्य पडदा आणि पाचची वाढ यांना हीच कसोटी लावता येते. कल्पक खेळाडू म्हणतो की पडदा उभा राहतो असे पुस्तकच सांगते, तेव्हा छतावरून कोसळणारा दगडही त्याने अडवला पाहिजे. सूत्रधार म्हणतो की पडदा हे वर्णन आहे, आणि विधी म्हणाल तर कवचांक पाचने वाढतो एवढाच, शिवाय कोसळणारा दगड कवचांकाशी फासा टाकतच नाही. मीमांसेच्या दृष्टीने सूत्रधाराची बाजू बळकट आहे, कारण अर्थवाद विधीला पोषक असतो, तो स्वतंत्र विधी निर्माण करीत नाही. चौथ्या आवृत्तीने तर वर्णनाचा भाग तिरप्या अक्षरांत आणि नियमाचा भाग सरळ अक्षरांत छापून ही विभागणी पानावरच करून टाकली होती; नियम त्यामुळे निःसंदिग्ध झाले, आणि पुष्कळ खेळाडूंना पुस्तक एखाद्या यंत्राच्या माहितीपत्रकासारखे वाटू लागले. पाचव्या आवृत्तीने पुन्हा दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळले. वाद परतले, पण त्यांच्याबरोबर कथेचा ओलावाही परतला, आणि हा सौदा वाईट झाला असे म्हणवत नाही.

शब्दशः अर्थ घेणाऱ्याची खरी परीक्षा दुसऱ्या एका जोडीत होते. ‘वॉल ऑफ फोर्स’ या पाचव्या पातळीच्या मंत्राने शक्तीची एक भिंत उभी राहते. ती अदृश्य असते, कोणत्याही शस्त्राने तिला इजा होत नाही, जादू उतरवण्याचा नेहमीचा मंत्रही तिच्यावर चालत नाही, आणि ‘डिसइंटिग्रेट’ नावाच्या हिरव्या किरणाच्या मंत्राने मात्र ती तत्काळ नष्ट होते. आता ‘डिसइंटिग्रेट’ मंत्राचे वर्णन उघडावे, तर किरण सोडणाऱ्याला आपले लक्ष्य डोळ्यांनी दिसत असले पाहिजे अशी अट तेथे घातलेली आहे, आणि त्याच ठिकाणी लक्ष्याचे उदाहरण म्हणून हीच अदृश्य भिंत नावाने सांगितलेली आहे. अक्षरशः वाचले तर जी दिसूच शकत नाही ती वस्तू दिसणाऱ्या वस्तूंच्या यादीत उदाहरणादाखल बसली आहे. शब्दाला शब्द भिडवणारा खेळाडू येथे विजयी मुद्रेने सांगतो की अदृश्य वस्तू पाहण्याचा वेगळा मंत्र घातल्याखेरीज भिंत फोडता येणार नाही. मीमांसकांचा याला सरळ उपाय आहे: ज्या अर्थाने वाक्यातील एखादा शब्द व्यर्थ ठरतो तो अर्थ, दुसरा अर्थ संभवत असताना, स्वीकारू नये. भिंतीचे नाव मुद्दाम घेतले आहे. दिसण्याची अट तिलाही लावली तर ते नाव घेण्याचे काही प्रयोजन उरत नाही. म्हणून सामान्य अटीला हे नामनिर्देश केलेले उदाहरण अपवाद समजावे. विशेष नियम सामान्य नियमाला बाधित करतो हे तत्त्व पाचव्या आवृत्तीने प्रस्तावनेतच सांगून ठेवले आहे, आणि व्याकरणकारांच्या उत्सर्ग-अपवादाशी त्याचे असलेले नाते संस्कृत शिकलेल्या कोणाच्याही लगेच ध्यानात येईल.

याउलट काही ठिकाणी शब्दाला चिकटूनच राहावे लागते, कारण तो शब्द पारिभाषिक असतो. ‘सँक्च्युअरी’, म्हणजे अभय, हा मंत्र ज्याच्यावर घातला त्याच्यावर कोणी हल्ला करू पाहिला तर हल्लेखोराला आधी मनोनिग्रहाची फेक टाकावी लागते, आणि ती हुकली तर त्याने दुसरे लक्ष्य निवडावे किंवा तो हल्ला वाया जाऊ द्यावा. मराठी मुलांच्या खेळातील ‘कच्चा लिंबू’ या संस्थेशी याचे जवळचे नाते आहे. लहानग्याला खेळात घेतलेले असते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मात्र कच्च्या लिंबाने स्वतः दुसऱ्याला बाद करायला सुरुवात केली की मोठी मुले जशी तत्काळ हरकत घेतात, तशीच हरकत या मंत्रातही लिहिलेली आहे: अभय मिळालेल्याने हल्ला केला किंवा शत्रूवर परिणाम करणारा मंत्र घातला, तर अभय संपते. येथे ‘हल्ला’ हा बोलीतील शब्द नव्हे. ज्या कृतीसाठी हल्ल्याचा फासा टाकावा लागतो तीच हल्ला, अशी पुस्तकाची व्याख्या आहे, आणि त्यामुळे जवळपास कोठेतरी टाकलेल्या अग्निगोलाच्या स्फोटात अभय मिळालेला माणूसही भाजून निघतो; कारण अग्निगोल त्या माणसाला लक्ष्य करीत नाही, तो एका जागेला लक्ष्य करतो.

याच व्याख्येतून एक पळवाट निघाली. पुरोहित वर्गातील पात्राने आधी आपल्या भोवती फिरणाऱ्या पितरांसारख्या आत्म्यांचा ‘स्पिरिट गार्डियन्स’ हा मंत्र घालावा, मग स्वतःवर अभय घालावे, आणि नंतर काहीच न करता शत्रूंच्या गर्दीतून नुसते चालत जावे. आत्मे जवळ येणाऱ्या प्रत्येकाला इजा करीत राहतात, पण पुरोहित हल्लाही करीत नाही आणि नवा मंत्रही घालीत नाही, म्हणून अभय शाबूत. हिरण्यकशिपूच्या वरातील प्रत्येक शब्द पाळून त्या वराला बगल देणारा नरसिंह या खेळाडूंचा कुलदेव मानावयास हवा. फरक एवढाच की नरसिंहाने वराचा दुरुपयोग करणाऱ्याविरुद्ध शब्दांचा उपयोग केला, तर येथे वर मिळालेलाच शब्दांचा उपयोग करून घेतो. प्रकाशकांनी पुढे दुरुस्ती काढून, दुसऱ्याला इजा केल्यासही अभय संपेल, असे शब्द त्यात घातले. किमतीच्या दृष्टीने पाहिले तर ही दुरुस्ती होण्याआधीही योग्य निर्णय कठीण नव्हता: अभयाची किंमत आक्रमणाचा त्याग हीच आहे, आणि ती न मोजता अभय उपभोगू देणारा अर्थ, मग तो शब्दांत कितीही बसो, नियमाचा अर्थ नव्हे.

अनेक संरक्षणे एकमेकांवर रचता येतात का, हा प्रश्न तिसऱ्या आवृत्तीत फार गाजला. तेथे प्रत्येक वाढीला एक जात असे आणि एकाच जातीच्या दोन वाढी एकत्र धरल्या जात नसत, त्यामुळे उच्च पातळीच्या पात्राचा कवचांक मांडणे हे आयकर विवरणपत्र भरण्याइतके दगदगीचे झाले होते. पाचव्या आवृत्तीने जाती काढून टाकल्या आणि ‘एकाग्रते’ची अट आणली: ज्या मंत्रांना ती लागते त्यांपैकी एका वेळी एकच चालू ठेवता येतो, आणि घाव लागला तर तो टिकवण्यासाठी वेगळा फासा टाकावा लागतो.

अडवण्याचा मंत्र स्वतःच दुसऱ्याच्या मंत्रावर रोखलेला असला की वेळेचा प्रश्न अधिकच बिकट होतो. ‘काउंटरस्पेल’ म्हणजे प्रतिमंत्र. साठ फुटांच्या आत कोणी मंत्र घालत असल्याचे दिसले की तो घालता येतो, आणि २०१४ च्या नियमांनुसार तिसऱ्या पातळीपर्यंतचा कोणताही मंत्र त्याने आपोआप विफल होई. शत्रूचा मंत्र कोणता हे ऐकल्यानंतर प्रतिमंत्र घालायचा की ऐकण्यापूर्वी, यावर पुस्तक मौन बाळगून होते. २०१७ साली निघालेल्या एका पूरक ग्रंथाने समोरचा मंत्र ओळखण्यासाठीही रिॲक्शन खर्च करावी लागेल असे सुचवले. रिॲक्शन फेरीत एकच असल्याने ओळखणारा आणि अडवणारा हे दोन वेगळे जण असणे त्यामुळे भाग पडले, आणि मांत्रिकाने क्षुल्लक मंत्रावर आपला मोठा वाटा उधळण्याचा धोका खरा झाला. २०२४ साली सुधारलेल्या नियमांनी दुसरीच दिशा घेतली: आता ज्याचा मंत्र अडवला जातो त्याला शरीरबळाची फेक टाकून तो वाचवण्याची संधी मिळते, आणि मंत्र विफल झालाच तर त्याचा स्लॉट खर्च होत नाही. अडवणाऱ्याची किंमत कायम ठेवून अडवल्या गेलेल्याची किंमत परत करणारा हा बदल आहे, आणि जुन्या नियमाने अख्खी पाळी व स्लॉट दोन्ही गमावून हात चोळत बसलेल्यांना त्यात काहीसा दिलासा आहे.

अंतिम शब्द कोणाचा, याचे औपचारिक उत्तर सूत्रधाराचा असेच आहे, आणि गायगॅक्सच्या काळापासून ते बदललेले नाही. तरीही निर्णय मागणाऱ्यांची रीघ प्रकाशकांकडे लागतच आली. त्यांच्या ‘ड्रॅगन’ मासिकात १९७९ साली त्यासाठी ‘सेज ॲडव्हाइस’ हे सदर सुरू झाले, आणि पाचव्या आवृत्तीच्या काळात नियमरचनेचे प्रमुख जेरेमी क्रॉफर्ड यांनी त्याच नावाखाली उत्तरे देताना अर्थाचे तीन स्तर सांगितले: लिहिलेला नियम, अभिप्रेत नियम आणि टेबलावरची गंमत राखणारा नियम. या तिन्हींमध्ये विरोध आल्यास कोण बलवान हे त्यांनी ठरवून दिले नाही. जैमिनीने ते दिले होते. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणांची उतरंड लावून, विरोध आल्यास आधीचे बलवान आणि नंतरचे दुर्बळ असे त्याने सांगून टाकले. खेळाला इतकी कडक उतरंड मानवणार नाही, कारण यज्ञ करणाऱ्याला स्वर्ग हवा असतो आणि खेळणाऱ्याला शनिवारची रात्र. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत पाहुण्यांच्या गाडीविषयीच्या उपविधीचा अर्थ लावताना दोन तास गेलेले पाहिलेल्या नवी मुंबईकराला मात्र हे तिन्ही स्तर ओळखीचे वाटतील, तिसरा कदाचित सोडून.

संरक्षक मंत्राचा अर्थ लावण्याचा एक प्रसंग महाभारताच्या द्रोणपर्वात आहे, आणि तो जयद्रथवधाच्या दिवशी घडतो. सूर्यास्तापूर्वी जयद्रथापर्यंत पोहोचण्यासाठी व्यूह भेदत निघालेल्या अर्जुनाला अडवायला दुर्योधन जातो, त्याआधी द्रोणाचार्य त्याच्या अंगावर मंत्र म्हणून एक सुवर्णकवच बांधतात. वृत्राशी लढणाऱ्या इंद्राला ते मिळाले होते आणि गुरुपरंपरेने द्रोणांपर्यंत आले होते. अर्जुनाचे बाण त्यावर आदळून गळून पडतात आणि कृष्णही क्षणभर चकित होतो. तेव्हा अर्जुन जे सांगतो ते एका निष्णात नियमज्ञाचे निरूपण आहे: हे कवच द्रोणांनी बांधले आहे, त्याची विद्या आपल्यालाही ठाऊक आहे, आणि दुर्योधनाने दुसऱ्याने बांधून दिलेले कवच नुसते अंगावर वागवले आहे, ते धारण करणाऱ्याने काय करायचे असते हे त्याला माहीत नाही. मग तो कवच भेदणारे अस्त्र मंत्रून सोडतो, तर अश्वत्थामा ते लांबूनच छेदून टाकतो. आजच्या टेबलावर याला प्रतिमंत्रच म्हटले असते. अस्त्र पुन्हा का सोडत नाही, याचे उत्तरही अर्जुनापाशी तयार आहे: ते दोनदा वापरता येत नाही, वापरले तर ते सोडणाऱ्यावर आणि त्याच्याच सैन्यावर उलटते. कवच अभेद्य, त्याला भेदणारे अस्त्र खर्ची पडलेले आणि सूर्य कलत चाललेला, अशा स्थितीत अर्जुन कवचाचा विचार सोडून देतो; दुर्योधनाचे घोडे, सारथी आणि धनुष्य नाहीसे करतो, आणि मग कवचाने जेवढे झाकले आहे तेवढेच झाकले आहे हे ध्यानात घेऊन त्याच्या उघड्या तळहातांवर बाण मारतो.